परिसर आणि पर्यावरण : एका फारकतीचा इतिहास

मराठीत 'परिसर' या एका शब्दाने दोन गोष्टी सांगता येतात. विद्यापीठाचा परिसर म्हणजे त्याचे आवार. आणि प्राथमिक शाळेतील मुलाच्या दप्तरातला 'परिसर अभ्यास' म्हणजे भोवतालची माती, पाणी, झाडे आणि माणसे यांची ओळख. हेच मूल महाविद्यालयात गेले की विषयाचे नाव 'पर्यावरण' होते आणि परिसर हा शब्द फक्त आवारापुरता उरतो. आवार सांभाळायचे ते माळ्याने आणि बांधकाम विभागाने. पर्यावरण शिकवायचे ते प्राध्यापकांनी. ही फारकत पूर्वीपासूनच होती का, याचा शोध घेताना मी बंगालमधील बीरभूम जिल्ह्यापर्यंत जाऊन पोहोचलो.

1863 मध्ये देवेंद्रनाथ ठाकूर यांनी बोलपूरजवळ वीस बिघे जमीन कायम पट्ट्याने घेतली. तांबड्या मातीचा उघडा माळ, पावसाने पाडलेल्या घळी आणि सातविणीची दोन झाडे, एवढेच तिचे वैभव. 1901 मध्ये रवींद्रनाथांनी तेथे शाळा काढली आणि 1921 मध्ये विश्वभारती उभी राहिली. झाडाखाली भरणाऱ्या वर्गांचे कौतुक आपण नेहमी करतो; पण त्यासाठी आधी माळावर झाडे वाढवावी लागली, हे विसरतो. तेथे पदवीधरांना सातविणीचे पान देण्याची प्रथा आहे. तिच्यामागे हा इतिहास आहे.

मात्र माझ्या मते खरा प्रयोग शांतिनिकेतनात नव्हे, तर शेजारच्या सुरूल गावी झाला. कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्र शिकून आलेले लिओनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाने फेब्रुवारी 1922 मध्ये काही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे काम सुरू केले. तेच पुढे श्रीनिकेतन झाले. स्वतःची घाण स्वतः काढायची आणि तिचे खत करून बागेला द्यायचे, हा तिथला आरंभीचा धडा होता. भद्र घरांतल्या मुलांना तो पचणे सोपे नव्हते. जातीचा प्रश्न त्यात सरळ समोर येत होता. त्याच वर्षी एल्महर्स्ट यांनी कलकत्त्यात 'मातीची लूट' या विषयावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी रवींद्रनाथ होते. गावाची माती धान्याच्या रूपाने शहराला सर्व काही देते आणि तिच्याकडे परत काहीच येत नाही, हा त्याचा गाभा. म्हणजे व्याख्यानात जे सांगितले, तेच सुरूलच्या बागेत रोज केले जात होते. विषय आणि आवार वेगळे नव्हते.

1928 च्या पावसाळ्यात शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा आणि श्रीनिकेतनात हलकर्षणाचा, म्हणजे नांगर धरण्याचा उत्सव सुरू झाला. पुढे मात्र कीर्ती शांतिनिकेतनाच्या वाट्याला अधिक आली आणि श्रीनिकेतन तिच्या सावलीत राहिले. सण सोपा असतो. खताचा खड्डा अवघड.

आता आपल्या काळाकडे येऊ. 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्यानंतर पदवीच्या सर्व शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. 50 तासिका आणि 100 गुण. त्यांपैकी 25 गुण क्षेत्रभेटीचे. भोवतालची नदी, टेकडी, शेत वा कचराकुंडी स्वतः पाहून लिहावे, हा हेतू होता. कागदावर ही योजना चांगलीच होती.

प्रत्यक्षात या 25 गुणांचे काय झाले? आमच्या भागातील एका महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्स दुकानात मी तयार प्रकल्पवह्या विकायला ठेवलेल्या पाहिल्या आहेत. नदीचे प्रदूषण, घनकचरा, जैवविविधता. नाव आणि हजेरी क्रमांक घातला की काम झाले. महाविद्यालयामागच्या नाल्याचे नाव त्यांपैकी एकाही वहीत नव्हते. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. शेकडो मुलांच्या वह्या तपासणाऱ्या एका शिक्षकाने क्षेत्रभेटीला न्यावे तरी किती जणांना?

तरीही वाट बंद झालेली नाही. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये स्थापन झाले. आवारातील तलाव आणि विहिरींत पावसाचे पाणी साठवून त्याने बाहेरच्या पाण्यावरचा भार कमी केला आहे. असे काम अभियंत्यांच्या फायलीत न राहता वर्गात यावे, इतकेच मागणे आहे. वसतिगृहाचे वीजबिल वाणिज्य शाखेने तपासावे, विहिरीची पातळी भूगोलाच्या मुलांनी महिन्याला मोजावी, खानावळीतल्या उष्ट्याचे वजन संख्याशास्त्राच्या तासाला मांडावे आणि सफाई कामगारांचे म्हणणे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नोंदवावे. यासाठी नवा पेपर लागत नाही. दरवर्षीच्या नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती दिल्या, तर दहा वर्षांत त्या आवाराचा विश्वासार्ह इतिहास तयार होईल. आणि नोंद हाती असली की प्रशासनाला प्रश्नही विचारता येतो.

सुरूलच्या त्या मुलांनी मातीचा धडा हात मळवूनच घेतला होता. पदवीच्या वर्गातही पर्यावरणाला पुन्हा 'परिसर' म्हणायला हवे. निदान मराठीत तरी त्यासाठी नवा शब्द शोधावा लागणार नाही.