आजारी, सहवासित आणि कामकरी : विलगीकरणाच्या नियमांतील एका संदिग्धतेचा इतिहास

१

साथीच्या काळात शासनाच्या दृष्टीने लोकांचे तीन वर्ग पडतात. पहिला आजाऱ्यांचा आणि दुसरा निरोग्यांचा. ह्या दोघांविषयी फारसा वाद संभवत नाही; आजाऱ्याने उपचार घ्यावेत आणि निरोग्याने आपले काम करावे. तिसरा वर्ग मात्र ह्या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. त्यातील मनुष्य आजारी नसतो. पण तो आजाऱ्याच्या सहवासात आलेला असतो. त्याच्यासंबंधी चार प्रश्न उपस्थित होतात. त्याने कामावर यावे की नाही? येऊ नये असे ठरल्यास किती दिवस? हा निर्णय कोणी करावा? आणि त्या दिवसांच्या मजुरीचा भार कोणी सोसावा?

मुंबईतील १८९६ च्या प्लेगपासून २०२० नंतरच्या कोविड साथीपर्यंत कामाच्या ठिकाणी जो गोंधळ वारंवार उद्भवला, तो बहुतांशी ह्या तिसऱ्या वर्गाविषयीचा होता. लोकांचे अज्ञान आणि अधिकाऱ्यांची बेपर्वाई ही त्याची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात, आणि ती काही अंशी खरीही आहेत. तथापि नियमांची भाषा तपासली असता आणखी एक कारण आढळून येते. बहुतेक नियमांनी पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरे दिली आणि चौथा वगळला. चौथा प्रश्न वगळला की आधीच्या तिन्ही उत्तरांना व्यवहारात आधार उरत नाही. ह्या विधानाची ऐतिहासिक छाननी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

'क्वारंटाइन' ह्या शब्दाचे मूळ 'चाळीस' ह्या अर्थाच्या इटालियन संख्यावाचकात आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा नगराने १३७७ साली साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली व व्हेनिसच्या बोलीतून तिचे नाव युरोपभर पसरले. ह्या नियमाचा विषय मुख्यतः जहाज, माल आणि प्रवासी हा होता. विलंबाचा तोटा व्यापाऱ्याने सोसावयाचा, हे त्यात गृहीतच होते. रोजच्या मजुरीवर जगणारा माणूस त्या कल्पनेच्या कक्षेत नव्हता. तीच कल्पना पुढे गिरणी व कचेरी ह्यांना लागू करण्यात आली, आणि अडचणीचे मूळ येथेच आहे.

मराठी समाजाला निरोगी माणसाने काही काळ व्यवहारातून दूर राहण्याची कल्पना अपरिचित नव्हती. सोयर आणि सुतक ह्या संस्था त्याच स्वरूपाच्या आहेत. सुतक मृताला नसते, ते त्याच्या आप्तांना असते. ते कोणाला लागते, केव्हापासून मोजावयाचे, दहा दिवसांचे की तीन दिवसांचे, आणि कोणत्या विधीने ते फिटते, हे सर्व रूढीने ठरलेले असते. अर्थात् सुतकाचा आधार नाते हा आहे. रोगसंसर्गाशी त्याचा संबंध नाही. स्पर्शाने बाधणाऱ्या गोष्टीसाठी भाषेत 'विटाळ' हा शब्द होता. पण त्याला जातिभेदाचा आणि अवहेलनेचा असा गडद रंग होता की, त्याच्या आधारे आरोग्याचा तटस्थ नियम सांगणे शक्य नव्हते. परिणामी, १८९६ साली 'सहवासामुळे काही दिवस दूर राहावयाचा निरोगी मनुष्य' ह्या अर्थाचा, कोणाचाही अवमान न करणारा शब्द मराठीत रूढ नव्हता.

३

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबर रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याच्या आधारे अधिसूचना काढून रुग्णांना वेगळे करण्याचे व सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे अधिकार हाती घेतले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर लगेच, घरीच योग्य रीतीने वेगळे ठेवता येईल अशा रुग्णास हलविले जाणार नाही, अशी सवलत जाहीर झाली.

ह्या माघारीमागे दंग्याची भीती होती, तशीच आणखी एक भीती होती. नगरपालिकेचे सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, असे स्नो ह्यांना वाटत होते. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नियम करणारी नगरपालिका स्वतःच फार मोठ्या संख्येने माणसे कामास ठेवणारी होती. आरोग्याधिकारी म्हणून माणसांना कामापासून दूर करणे आणि मालक म्हणून त्यांना कामावर टिकवून धरणे, ही दोन परस्परविरुद्ध कर्तव्ये एकाच संस्थेच्या अंगी आली होती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. अवघ्या चार कलमांच्या ह्या कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले, नियमभंगाची शिक्षा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाशी जोडली आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. ज्याला दूर ठेवावयाचे त्याच्या पोटापाण्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. पुढील महिन्यात जनरल गॅटेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रुग्णास रुग्णालयात आणि त्याच्या घरच्या निरोगी माणसांस 'सेग्रिगेशन कँप'मध्ये पाठविले जाऊ लागले. पुण्यात रँड ह्यांच्या कारकीर्दीत हेच घडले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे.

येथे नियमांच्या भाषेचा एक विशेष दिसून येतो. रुग्णालय आणि कँप ही दोन्ही स्थळांची नावे आहेत. माणूस कोठे जाईल हे त्यांवरून कळत होते. तो कोण आहे हे कळत नव्हते. लोकांच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच झाला : 'धरून नेले'. घरात एक रुग्ण सापडला की कुटुंबातील सर्व कमावती माणसे एकाच दिवशी कामावरून नाहीशी होत. आणि गिरणीच्या हजेरीपटाला हजर व गैरहजर ह्या दोनच अवस्था ठाऊक असतात. कँपमधील निरोगी विणकर हा त्या पटाच्या दृष्टीने खाडा करणारा विणकरच होता.

मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी पगार महिन्याने होत असे आणि तोही पुढील महिन्यात बराच उशिरा हाती पडे. म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची कमाई नेहमीच मालकाकडे अडकलेली असे. १८९७ च्या आरंभी शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव निघून गेल्यावर हे चित्र काही काळ पालटले. माणसांची एवढी वाण पडली की गिरण्यांना एकमेकींचे कामगार ओढावे लागले आणि रोजचा पगार रोज देणे भाग पडले. दोन्ही परिस्थितींचा निष्कर्ष एकच निघतो. बाकी अडकलेली असताना सहवास उघड करणे म्हणजे ती बाकी धोक्यात घालणे. आणि रोख रोज मिळत असताना तो उघड करणे म्हणजे हातचा रोज घालविणे. घरातील आजारी लपविण्याच्या प्रवृत्तीचे खापर अधिकाऱ्यांनी अंधश्रद्धेवर फोडले. स्त्रियांच्या मर्यादेची चिंता, जातिनियमांचे भय आणि रुग्णालयाविषयीची दहशत ही कारणे खरीच होती. पण त्यांच्या जोडीला हा साधा हिशेबही होता.

ह्याच्या उलट उदाहरण खेड्यांत सापडते. उंदीर मरू लागले की गाव ओस पाडून रानात झोपड्या घालून राहण्याची पद्धत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी रुळली. तीतही घर सुटत होते, हाल होत होते. पण शेत जवळच असे आणि काम बुडत नसे. शिवाय सर्वच निघत असल्यामुळे संशयित म्हणून कोणी एकटा पडत नसे. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, असे पॉल-लुई सिमाँ ह्या शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखविले. त्या दृष्टीने घर सोडण्याची ही रीत, माणसाला माणसापासून तोडण्याच्या नियमापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध ठरते.

४

चौथ्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा एक नियम मात्र भारतात होऊन गेला. विसाव्या शतकातील सरकारी सेवानियमांत 'क्वारंटाइन रजा' नावाची तरतूद होती. कर्मचाऱ्याच्या घरात सांसर्गिक रोग उद्भवल्यामुळे त्यास कचेरीत येऊ नये असा हुकूम झाल्यास वैद्यकीय अथवा आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर कार्यालयप्रमुख एकवीस दिवसांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तीस दिवसांपर्यंत, ही रजा देत असे. त्या काळात कर्मचारी गैरहजर समजला जात नसे व त्याचा पगार चालू राही. पटकी, देवी, प्लेग, घटसर्प इत्यादी रोगांचा त्यात नामनिर्देश होता. कांजिण्यांसाठी ही रजा नव्हती. मात्र त्या कांजिण्याच आहेत की देवी, असा आरोग्याधिकाऱ्यास संशय असल्यास ती मिळे. आणि कर्मचारी स्वतःच रोगाने आजारी पडल्यास त्याला ही रजा लागू नव्हती. त्याने नेहमीची रजा घ्यावयाची.

नियमाची ही रचना सूक्ष्म आहे. येथे आजारी आणि सहवासित ह्यांची प्रथमच स्वच्छ फारकत झाली. कोणी, किती दिवस, कोणाच्या निर्णयाने आणि कोणाच्या खर्चाने, ह्या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. फक्त नावात एक विसंगती राहिली. 'रजा' हा मूळचा अरबी शब्द संमती व खुषी ह्या अर्थांचा. कर्मचाऱ्याने मागावी आणि वरिष्ठाने द्यावी ती रजा. येथे तर कचेरीच त्याला येण्यास मनाई करीत होती. तथापि ह्या विसंगत नावानेच त्या दिवसांना हजेरीपटावर तिसरी जागा मिळवून दिली.

ही सोय सरकारी नोकरांपुरती होती. कारखान्यातील कामगारांसाठी १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारपणातील रोख लाभ हे त्याचे मोठेच देणे होय. पण त्यात 'आजारपण' ह्या संज्ञेची व्याख्या, वैद्यकीय उपचार व देखभाल आवश्यक असलेली आणि वैद्यकीय कारणास्तव कामावर न जाणे भाग पाडणारी अवस्था, अशी होती. सहवासिताच्या बाबतीत ह्यातील दुसरी अट कदाचित पुरी होईल. पहिली होत नाही, कारण त्याला उपचारांची गरजच नसते. ब्रिटनमध्ये १९८२ च्या आजारपण-वेतनाच्या नियमांत सांसर्गिक रोग्याच्या संपर्कामुळे कामापासून दूर ठेवलेल्या माणसास आजाऱ्यासारखेच मानण्याची तरतूद करण्यात आली. भारतीय व्याख्येत असे 'मानणे' नव्हते.

५

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. १८९६ साली ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर कामगार चालून गेले होते, तेच कस्तुरबा रुग्णालय ह्या नावाने मुंबईतील उपचारांचे पहिले केंद्र ठरले. ह्या वेळी भाषेची अडचण निराळी होती. पूर्वी शब्द नव्हता. आता एकच शब्द दोन अर्थांनी वापरात आला. रुग्णालयातील 'विलगीकरण कक्ष' रुग्णासाठी होता आणि 'संस्थात्मक विलगीकरण' बहुधा निरोगी सहवासितांसाठी. 'गृह विलगीकरण' तर दोघांनाही लागू पडे. 'अलगीकरण' हा पर्याय सुचविला गेला व काही आदेशांत वापरलाही गेला. परंतु ह्या दोन शब्दांतील भेद लोकव्यवहारात स्थिर झाला नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ मे २०२० रोजी कामाच्या ठिकाणांसाठी सूचना काढल्या. त्यांत सहवासितांचे दोन वर्ग होते. रुग्णाशी शारीरिक संपर्क आलेले किंवा खबरदारीवाचून एक मीटरच्या आत वावरलेले ते अतिजोखमीचे. त्यांनी चौदा दिवस दूर राहावयाचे. त्याच खोलीत असूनही असा निकट संपर्क न आलेले ते कमी जोखमीचे. त्यांनी काम चालू ठेवून चौदा दिवस प्रकृतीवर लक्ष ठेवावयाचे. वैद्यकीय दृष्ट्या ही विभागणी सयुक्तिक होती. पण एका कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाला घरी बसविणारी आणि दुसऱ्याला कामावर ठेवणारी ही रेषा मीटरपट्टीने आखली होती, आणि ती बहुधा आठवणीवरून आखावी लागे. ज्याचे वेतन बुडणार होते त्याच्याच आठवणीवर तिची मदार होती.

मुदतीचा गोंधळ ह्याला जोडून आला. ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांनी सौम्य रुग्णाचे गृह विलगीकरण, तपासणीच्या दिवसापासून किमान सात दिवस उलटल्यावर आणि लागोपाठ तीन दिवस ताप नसल्यास संपते असे ठरविले. हा नियम रुग्णाचा होता. रुग्णाचे दिवस तपासणीपासून मोजले जातात, तर सहवासिताचे अखेरच्या संपर्कापासून. शब्द एकच असल्यामुळे एकाची मुदत दुसऱ्यास लावणे सहज शक्य होते. सुतकाच्या बाबतीत घरातील कोणतीही वडीलधारी बाई जो हिशेब तोंडी सांगू शकते, तो येथे सुशिक्षित कर्मचाऱ्यालाही परिपत्रक पाहिल्यावाचून सांगता येत नव्हता.

ह्या कालखंडाने मराठीला दिलेली एक संज्ञा मात्र उपयुक्त आहे. आरोग्य विभागाच्या कागदपत्रांत 'निकट सहवासित' हा शब्द रूढ झाला. तो स्थळ सांगत नाही, रोगही सांगत नाही. फक्त संबंध सांगतो. त्यात विटाळाची छटा नाही आणि 'संशयित' ह्या शब्दातील गुन्हेगारीचा वासही नाही. १८९६ साली जी उणीव होती, ती ह्या शब्दाने भरून निघाली असे म्हणता येते.

६

तथापि केवळ शब्दाने प्रश्न सुटत नाही, हेही ह्या इतिहासावरून दिसते. क्वारंटाइन रजेचे नाव विसंगत होते, पण त्या नियमात पगाराची तरतूद होती. 'निकट सहवासित' ही संज्ञा निर्दोष आहे, पण तिच्यामागे वेतनाची सर्वसाधारण तरतूद उभी राहिली नाही. सहवासित हा स्वतःसाठी घरी बसत नाही, तो इतरांसाठी बसतो. त्याच्या गैरहजेरीचा लाभ सबंध समाजाला होतो. तिची किंमत मात्र त्याच्या एकट्याच्या मजुरीतून वसूल झाली, तर सहवास लपविणे हाच त्याला परवडणारा मार्ग उरतो. मग नियमातील दिवस, अंतर आणि दाखले ह्यांविषयी कितीही परिपत्रके निघाली तरी संदिग्धता कायम राहते, कारण ती राहण्यात दोन्ही पक्षांची सोय असते. कामगाराला कामावर येता येते आणि मालकाला विचारणे टाळता येते. सव्वाशे वर्षांच्या अंतराने त्याच शहरात आणि त्याच कायद्याखाली हेच पुन्हा घडले. हजेरीपटावर हजर व गैरहजर ह्यांच्यामध्ये तिसरा रकाना असणे आणि त्यासमोर वेतनाचा आकडा असणे, ही विलगीकरणाच्या कोणत्याही नियमाची पहिली अट होय. पुढील साथीचे नियम करताना ह्या अटीपासून आरंभ करणे इष्ट ठरेल.