पाचशे अश्वशक्तींचा तीस वर्षांचा प्रवास

१९८० च्या दशकाचा पूर्वार्ध. वर्धा शहरालगतचे सेवाग्राम स्थानक, म्हणजे पूर्वीचे वर्धा पूर्व. दिल्लीहून मद्रासकडे निघालेली एकवीस डब्यांची तामिळनाडू एक्स्प्रेस येथून बल्लारशाहच्या दिशेने वळते, आणि तिच्या पुढे एक नव्हे तर दोन डिझेल इंजिने एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. प्रत्येकाची शक्ती २६०० अश्वशक्ती. दोहोंची मिळून ५२००.

गाडी एक, मग इंजिने दोन कशासाठी? एकाच इंजिनातून थोडी अधिक शक्ती काढता आली नसती काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात भारतीय रेल्वेची तीस वर्षे गेली. हा धागा त्या तीस वर्षांचा.

प्रथम मार्गाविषयी. वर्ध्याहून दक्षिणेकडे रूळ गेले ते १८७० च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशासाठी. हिंगणघाटचा कापूसही त्याच वाटेने निघू लागला. पुढे १९२९ च्या सुमारास बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला आणि वर्धा जिल्ह्यातील ही शाखा दिल्ली–मद्रास हमरस्त्याचा भाग बनली. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस येथूनच धावली. अर्धशतकाहून अधिक काळ वाफेची इंजिने, आणि त्यानंतर डब्ल्यूडीएम-२.

हे नाव रेल्वेप्रेमींना ठाऊक असते. इतरांसाठी फोड : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे, आणि २ म्हणजे त्या मालिकेतील दुसरे. मूळ रचना न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील आल्को कंपनीची. पहिली इंजिने १९६२ मध्ये जहाजाने आली. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले आणि पुढील साडेतीन दशकांत अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली. स्वतंत्र भारताच्या रेल्वेचा चेहरा म्हणून एखादे यंत्र निवडायचे झाल्यास हेच निवडावे लागेल.

त्याच्या पोटात व्ही आकारात मांडलेले सोळा सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ९ इंच, दट्ट्याची धाव साडेदहा इंच. एका सिलिंडरचे आकारमान जवळपास ११ लिटर, सोळांचे मिळून सुमारे १७५ लिटर. रस्त्यावरील सामान्य मोटारीचे इंजिन दीड-दोन लिटरांचे असते, यावरून कल्पना यावी. पण तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच, आणि ते तत्त्व टर्बोचे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात पुष्कळ ऊर्जा वाया जाते. त्या धुराने एक चाक फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबावी. हवा अधिक, म्हणून जाळता येणारे इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. कल्पना सोपी, पण ती यंत्रात उतरण्यास वीस वर्षे लागली. ब्राउन बोव्हेरी या स्विस कंपनीने १९२४ मध्ये मोठ्या इंजिनांसाठी टर्बो बनवला आणि १९२५ च्या सुमारास ब्यूखीने डिझेल इंजिनाची शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टर्बो इंजिनाची शक्ती वाढवायची म्हणजे हवेचा दाब वाढवायचा आणि इंधन वाढवायचे, असे पुष्कळांना वाटते. मोटारीच्या संगणकातील आकडे बदलून एका दुपारी तीस-चाळीस अश्वशक्ती ‘मिळवणारे’ आजही तसेच समजतात. वास्तविक इंधन वाढवणे हे सर्वांत सोपे काम. कठीण असते ते त्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे आणि दाबाचे काय करायचे, हे ठरवणे. दट्ट्याचा माथा, धूर सोडणारी झडप आणि टर्बोची पाती ही तीन ठिकाणे ती उष्णता प्रथम सोसतात, आणि बहुधा त्याच क्रमाने तक्रार करतात.

आणि विदर्भाचा उन्हाळा! हवा तापली की विरळ होते. पंधरा अंशांच्या हवेच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांच्या हवेत, दाब तोच असता, नऊ-दहा टक्के प्राणवायू कमी भरतो. टर्बोने दाबल्यावर ती आणखी तापते, शंभर अंशांच्याही वर जाते. म्हणून टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये पाण्याने हवा थंड करणारा आफ्टरकूलर बसवलेला असतो. पण मे महिन्यात हिंगणघाटच्या सपाटीवर ते पाणी थंड करणारी हवाच तापलेली! २६०० हा आकडा प्रमाणित हवामानातला. भारतीय उन्हाळ्यासाठी तो कमीच धरला जाई. थंड प्रदेशात जन्मलेल्या यंत्राला वर्ध्यात त्याच आकड्यावर राबवणे हेच मुळी कसोटीचे होते. तेथे आणखी पाचशे मागणे म्हणजे कर्जबाजारी माणसाकडे उसने मागण्यासारखे.

आल्कोचा काळा धूर आठवणारे प्रवासी आजही भेटतात. चालकाने नॉच वाढवली की इंधन तत्काळ वाढते, परंतु टर्बोचे जड चाक वेग घेण्यास काही क्षण लावते. त्या क्षणांत इंधन अधिक आणि हवा अपुरी. अर्धवट जळलेले कार्बनचे कण धुराड्यातून उसळतात. छायाचित्रकारांना तो देखावा प्रिय, इंजिनाला तो अपायकारक.

या इंजिनांची सुरक्षितता अनेक लहान बंधनांवर उभी होती. वंगणतेलाचा दाब घसरला तर इंजिन आपोआप बंद. फेरे ठराविक मर्यादेपलीकडे गेले तर बंद. पाणी तापले तर चालकाच्या खोलीत घंटा. गव्हर्नर नावाचे यंत्र इंधन आणि विजेचा भार यांचा मेळ घाली, जेणेकरून इंजिनावर झेपेल तेवढेच ओझे पडावे. शेडमध्ये परतलेले इंजिन रोधकांच्या पेटीला जोडून जागच्या जागी पूर्ण भाराने चालवून पाहिले जाई. याला लोड बॉक्स चाचणी म्हणत.

त्याहून मनोहर चाचणी टर्बोची. इंजिन बंद करायचे आणि टर्बोचे चाक स्वतःच्या गतीने किती वेळ फिरत राहते ते मोजायचे. दीड ते तीन मिनिटे फिरले तर प्रकृती ठीक. लवकर थांबले तर बेअरिंग घासते आहे, असे समजायचे. घड्याळ आणि तयार कान, एवढ्यावर निदान!

इकडे अमेरिकेत खुद्द आल्कोने याच सोळा सिलिंडरच्या कुळातून १९६५ मध्ये ३००० आणि १९६७ मध्ये ३६०० अश्वशक्तीची इंजिने काढली. ३६०० वाली फार थोडी बनली, आणि १९६९ मध्ये कंपनीने रेल्वे इंजिने बनवणेच थांबवले. भारताच्या हाती रचना उरली. सल्ला देणारा मूळ कारखाना उरला नाही. १९७३ च्या तेलसंकटाने तर डिझेलचा प्रत्येक लिटर मोजण्याची वेळ आणली.

म्हणून पुढील काम लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेकडे आले. १९८० च्या दशकात तेथे इंजिन-चाचणीची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली आणि बदलांचा क्रम मोठा शहाणपणाचा ठरला : आधी काटकसर, मग शक्ती. अधिक कार्यक्षम टर्बो बसवला गेला. आफ्टरकूलर मोठा झाला. इंधनपंपाच्या दट्ट्याचा व्यास १५ वरून १७ मिलिमीटर झाला, त्यामुळे तेच इंधन कमी वेळात, अधिक दाबाने फवारले जाऊन नीट जळू लागले. मात्र असा पंप चालवताना कॅमशाफ्टवर ताण वाढतो. म्हणून कॅमशाफ्ट अधिक ताठ केला, आणि हवेची व धुराची झडप एकाच वेळी उघडी राहण्याचा कालावधीही वाढवला. त्या अवधीत थंड हवा सिलिंडर धुऊन निघते, झडपा आणि टर्बोची पाती निवतात. या संचाने इंधन वाचले आणि तापमान आटोक्यात आले.

त्यानंतरच अश्वशक्तीला हात लागला. अॅल्युमिनियमच्या दट्ट्यांना पोलादी माथा आला. फेऱ्यांची कमाल मर्यादा मिनिटाला १००० वरून फक्त १०५० झाली. शक्तीतील वाढ एकोणीस टक्के, फेऱ्यांतील पाच. उरलेली सुमारे चौदा टक्के प्रत्येक स्फोटाने अधिक जोर लावून भरून काढली. १९९४ मध्ये वाराणसीहून ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२सी बाहेर पडले. पुढे त्याचेच नाव डब्ल्यूडीएम-३ए झाले. पतियाळाच्या कारखान्यात जुनी २६०० ची इंजिनेही उकलून ३१०० ची केली गेली. त्यांवर बसलेल्या टर्बोंपैकी एक होता एबीबीचा, म्हणजे १९२४ च्या त्याच ब्राउन बोव्हेरीच्या वारसदाराचा.

वर्ध्याच्या दृष्टीने मात्र इतिहासाने थट्टा केली. १९९० च्या आसपास दिल्ली–मद्रास मार्गावर विजेच्या तारा पोहोचल्या होत्या. जोड-इंजिनांची ती तामिळनाडू एक्स्प्रेस आता एकाच विद्युत इंजिनामागे धावू लागली. जिच्यासाठी पाचशे अश्वशक्तींची निकड सर्वांत स्पष्ट दिसत होती, त्या गाडीला त्या कधी लागल्याच नाहीत. ३१०० वाली इंजिने राबली ती अन्यत्र : पुण्याच्या शेडमधून निघून मिरज-कोल्हापूरकडे, कोकणच्या बोगद्यांतून, आणि तारा न पोहोचलेल्या कित्येक एकेरी मार्गांवर, आणखी दोन दशके.