शिस्त कोणी लावायची? आईवडिलांनी की घर सांभाळणाऱ्या मावशींनी?

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात सर्वपरिचित आहे. तांबटाच्या घरी कामाची जागा आणि राहण्याची जागा फारशी वेगळी नसे. मुले ठोक्यांच्या आवाजातच वाढत आणि चुकले तर टोकणारे कोणी ना कोणी हाताशी असे. आज मात्र नोकरीसाठी रोज धुळ्याला किंवा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे आईवडील सकाळी घराबाहेर पडतात ते दिवेलागणीलाच परततात. मधला सारा वेळ मूल घरात राहणाऱ्या मावशींच्या हाती असते. मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये हे चित्र त्याहून जुने आहे. अशा घरात मुलाने ताट भिरकावले, खोटे बोलले किंवा लहान बहिणीला मारले, तर त्याला आवरण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

जुनी रीत, नवा पेच

परक्या माणसाच्या हाती मूल सोपविणे महाराष्ट्राला नवे नाही. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंचे नाव इतिहासाने आदराने जपले आहे. खानदेशात तर सालदाराची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आखाजीला साल ठरे आणि वर्षभर सालदार त्या घरचाच होऊन जाई. मालकाची मुले त्याच्या गाडीत बसून शेतावर जात. विहिरीच्या काठाशी गेलेल्या पोराला तो दटावी, तेव्हा त्याला कोणी जाब विचारत नसे. कारण घरात आजी होती, काकू होत्या, थोरले जिभाऊ होते. शिस्त ही एकट्याची जबाबदारी नसून साऱ्या वाड्याची होती आणि सालदार त्या साखळीतील एक कडी होता.

विभक्त कुटुंबात ही साखळी तुटली. घरात आईवडील आणि मावशी एवढीच माणसे उरली. त्यातही मावशी पगारी. त्यामुळे त्यांची अवस्था ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ अशी होते. मुलाला रागावावे तर ‘आमच्या मुलाला बोलणाऱ्या तुम्ही कोण’ असे ऐकावे लागते, न रागवावे तर ‘दिवसभर लक्ष कुठे असते तुमचे’ हा प्रश्न ठरलेला. मूल चाणाक्ष असते. मावशींच्या शब्दाला किंमत नाही हे त्याच्या चार दिवसांत ध्यानी येते. मग ‘आईला सांगेन’ हे त्याचे हत्यार बनते.

कायदा काय सांगतो?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. यातील ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच नसून ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असाही होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये दिला. घरकाम करणारी व्यक्ती या अर्थाने पालक नव्हे. मुलाचे संगोपन कसे व्हावे, हे ठरविण्याचा अधिकार आईवडिलांचाच राहतो.

अधिकार नसला तरी जबाबदारी मात्र मावशींवरही येते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चे कलम ७५ मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात वा नियंत्रणाखाली आहे अशा कोणालाही लागू होते. त्या व्यक्तीने मुलाला मारहाण केली, छळ केला किंवा जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यातून मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक त्रास होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे आई, वडील आणि मावशी असा भेद नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम २७ (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८९) बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने अथवा त्याच्या संमतीने सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देते. परंतु हे संरक्षण बेछूट नाही. हेतुपुरस्सर केलेली गंभीर दुखापत शिस्तीच्या नावाखाली त्यात बसत नाही. म्हणूनच ‘तुम्ही खुशाल दोन फटके द्या, आमची काही हरकत नाही’ असे सांगून मावशींना दिलेली मोकळीक ही सवलत नसून त्यांना संकटात लोटणे होय. शाळांपुरते पाहिले तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. स्वीडनने १९७९ मध्ये घरातील मारही कायद्याने बंद केला. असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला.

भीती परक्याची, मार घरचा

मावशी मुलाला मारतील ही धास्ती अनेक पालकांना असते व ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळीकडे बोट दाखवितो. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मार सोसावा लागल्याचे आढळले. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. तेव्हा मावशींसाठी नियम आखण्याआधी पालकांनी तो स्वतःस लावून पाहणे क्रमप्राप्त ठरते. ज्या घरात आईवडिलांचा हात उठतो, त्या घरात मावशींचा हात उठणार नाही अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

अमळनेरचा वस्तुपाठ

आईबाप नसलेल्या माणसाने परक्या मुलांना शिस्त कशी लावावी, याचे उत्तम उदाहरण खानदेशातच आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या तर गुरुजी स्वतः त्या झाडून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. शिक्षा झाली नसूनही मुले ओशाळत आणि स्वतःहून कामाला लागत. याच सुमारास, १९२६ मध्ये, ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि भय व शिक्षा यांना थारा नसलेल्या बालशिक्षणाचा आग्रह धरला.

मात्र येथे एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. गुरुजींच्या पाठीशी शिक्षकाचा मान होता. मावशींनी मुलाचा पसारा निमूटपणे आवरला तर मुलाला त्यात उपकार दिसत नाही, ‘ते त्यांचे कामच’ असे वाटते. मावशींच्या सेवेला मोल यावे, तर त्यांना मान मिळवून देण्याचे काम आधी आईवडिलांनी केले पाहिजे.

वाटणी कशी असावी?

* नियम आईवडिलांचे. झोपण्याची वेळ, दूरदर्शन वा मोबाइल किती, गोड किती, एकट्याने बाहेर कुठवर जायचे, हे आईवडिलांनी आधी आपसांत ठरवावे. दोघांचे दोन सूर असतील, तर तिसऱ्याने कोणता धरावा?
* अंमल मावशींचा. ‘आता पुरे’, ‘हात धू’, ‘गॅसजवळ जाऊ नकोस’ हे सांगण्याचा आणि त्या क्षणी मुलाला थांबविण्याचा अधिकार त्यांना निःसंदिग्धपणे द्यावा. गच्ची, रस्ता, पाणी, विस्तव यांबाबत त्यांचा शब्द अखेरचा असावा.
* मोठ्या चुकीची समज आईवडिलांनी द्यावी. चोरी, खोटेपणा, मारामारी अशा गोष्टी मावशींनी संध्याकाळी सांगाव्यात आणि निर्णय पालकांनी घ्यावा. सांगणे मुलासमोर, साध्या शब्दांत व्हावे, म्हणजे ती चहाडी ठरत नाही.
* हात कोणीही उगारू नये. उपाशी ठेवणे, कोंडणे, बागुलबुवाची भीती घालणे, ‘आई तुला सोडून गेली’ असे म्हणणे हेही वर्ज्य.
* मुलासमोर मावशींना खोडू नये. त्यांचे चुकले असल्यास मूल झोपल्यावर बोलावे.

या गोष्टी कामाला ठेवतानाच, पगार आणि सुटीबरोबर ठरवाव्यात. शक्य तर मुलाला जवळ बसवून सांगाव्यात. त्यातून दोन गोष्टी साधतात. मुलाला पळवाट राहत नाही आणि मावशींना आपण कोठवर जायचे हे कळते.

शिस्त दुहेरी हवी

मुलाला शिस्त लावण्याचा आणखी एक पदर सहसा विसरला जातो. घरात राहणाऱ्या बाईंना मूल कसे हाक मारते? ‘मावशी’ म्हणून की नुसत्या नावाने? आपले ताट उचलून ठेवते की बोटाने दाखविते? मोठी माणसे त्यांना ‘अहो’ म्हणत असतील, तर मूलही म्हणते. त्यांचे कप-बशी वेगळे असतील, तर तेही मूल शिकते. बहुतेक मावशींची स्वतःची मुले दूर गावी कोणाच्या तरी भरवशावर असतात, हे मुलाच्या कानी घातले तर त्याचा सूर आपोआप बदलतो.

मदतीला ठेवलेली व्यक्ती स्वतः मूल असता कामा नये, हे वेगळे सांगावयास नको. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास केंद्राने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी घातली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ खाली १८ ते ६० वयोगटातील कामगारांची नोंदणी होते. ती करून देण्यात मालकाने पुढाकार घ्यावा.

मुलाच्या अंगावर वळ दिसले, ते एकाएकी गप्प झाले, विशिष्ट व्यक्तीजवळ जाण्यास घाबरू लागले, तर शांतपणे विचारपूस करावी. गरज भासल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. संशयावरून मावशींना मारहाण करणे वा कोंडून ठेवणे हाही गुन्हाच आहे.

शेवटी शिस्त लावण्याचा हक्क आईवडिलांचा, हे निर्विवाद. परंतु दिवसाचे दहा तास जिच्या हाती मूल सोपविले, तिच्या शब्दाला घरात वजन नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. मूल कोणाचे ऐकते, हे बहुतांशी त्याच्या आईवडिलांनी कोणाचा मान ठेवला यावरच ठरते.