जुना लॅपटॉप आणि त्यात अडकलेली मराठी

माळ्यावर किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडलेला वीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप बहुतेक घरांत भंगाराच्या वाटेवर असतो. मात्र त्यावर कधीकाळी मराठी मजकूर टंकला गेला असेल, तर तो विकण्यापूर्वी एकदा सुरू करून पाहणे अगत्याचे आहे. त्या काळातील मराठी फाइली आजच्या संगणकावर उघडतात, पण वाचता येत नाहीत. त्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाल्या, ते सॉफ्टवेअर बऱ्याचदा त्या जुन्या यंत्रावरच चालते. यंत्र गेले की मजकूरही जातो.

हा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षा तालुक्याच्या गावांना अधिक भेडसावणारा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेड तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी, १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात नोंदले गेलेले खर्डा आणि डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प ही या तालुक्याची ओळख. अशा ठिकाणचा स्थानिक इतिहास मोठ्या ग्रंथांत थोडाच येतो. तो उतरतो स्मरणिकांत, शाळांच्या वार्षिकांकांत, संस्थांच्या अहवालांत आणि स्थानिक साप्ताहिकांत. १९९५ ते २००८ या काळात असे साहित्य गावोगावच्या डीटीपी केंद्रांत संगणकावर जुळवले जाऊ लागले. छापील प्रती शे-पाचशे निघत. त्या विरल्यावर मूळ फाइल हाच एकमेव पुरावा उरू शकतो.

मजकूर वाचता का येत नाही?

विंडोज ९८ पर्यंतच्या विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती विंडोज २००० पासून आली. तोवर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', सी-डॅकची 'आयएसएम' व 'लीप ऑफिस' आणि 'आकृती' यांसारख्या सॉफ्टवेअरनी मराठीची गरज भागवली. बहुतेक ठिकाणी वापरलेली युक्ती साधी होती. फॉन्टमध्ये रोमन अक्षरांसाठी असलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले जात. संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असत, डोळ्यांना मात्र 'क' किंवा 'मा' दिसे.

या फॉन्टमध्ये जागा जेमतेम २५६. त्यांत अर्धी अक्षरे, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे बसवण्याची प्रत्येक कंपनीची रीत निराळी. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या फॉन्टमालिकांतही फरक असे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे सामायिक संकेतन मानक म्हणून प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरी डीटीपीच्या व्यवहारात पुढची पंधराएक वर्षे फॉन्टचेच राज्य राहिले. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली, की रोमन अक्षरे आणि विचित्र खुणांची रास दिसते. फाइल बिघडलेली नसते, तिची किल्ली हरवलेली असते.

जुने यंत्रच का लागते?

फॉन्ट सापडला तरी काम संपत नाही. त्या काळातील अनेक भारतीय भाषा सॉफ्टवेअरसोबत 'डोंगल' येई. संगणकाच्या मागील २५ पिनांच्या समांतर पोर्टात बसवायचे ते कुलूप असे. ते नसेल तर सॉफ्टवेअर सुरू होत नाही. आजच्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. बाजारात मिळणारे यूएसबी ते समांतर पोर्ट जोडणारे कन्व्हर्टर प्रिंटरसाठी बनवलेले असतात, त्यांवर डोंगल सहसा ओळखला जात नाही. नव्या संगणकावर आभासी यंत्र उभारून त्यात विंडोज ९८ चालवता येते, परंतु डोंगलपाशी तोही उपाय बहुधा अडतो. म्हणून डोंगल, सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि समांतर पोर्ट असलेला लॅपटॉप ही तिन्ही एकत्र असतील, तर त्यांची ताटातूट करू नये.

चालू करण्यापूर्वी

लॅपटॉप सापडताच चार्जर लावून बटण दाबण्याचा मोह टाळावा. प्रथम बॅटरी काढून पाहावी. ती फुगलेली किंवा पाझरलेली असल्यास चार्ज करू नये, टोचू वा दाबू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा व बॅटरी स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. बरेच जुने लॅपटॉप बॅटरीविना केवळ चार्जरवर चालतात. चार्जर बदलावा लागल्यास त्याचा व्होल्ट मूळ चार्जरइतकाच असावा, अँपिअर तेवढे किंवा त्याहून अधिक चालतील. पिनेची धन-ऋण बाजू जुळते का, हेही लॅपटॉपच्या तळावरील खुणेवरून तपासावे.

बॅटरी नसलेला लॅपटॉप वीज जाताक्षणी बंद पडतो. जुन्या डिस्कला आणि उघड्या फाइलींना असा धक्का घातक ठरतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात यंत्र यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच चालवावे. पंख्यातील धूळ मऊ ब्रशने काढावी. बिजागऱ्या घट्ट झाल्या असल्यास पडदा एका कोपऱ्याला धरून न उचलता मधोमध धरून सावकाश उघडावा.

तारीख दरवेळी मागे जात असेल, तर आतील लहान बटण-बॅटरी संपलेली असते. बहुतेक यंत्रांत ती ३ व्होल्टची असते. अनेक लॅपटॉपमध्ये तिला वायर व प्लग जोडलेला असतो, त्यामुळे तशीच पाहून घ्यावी. तारीख दुरुस्त करणे आवश्यक, कारण काही प्रोग्रॅम तारीख पाहूनच चालतात आणि चुकीच्या तारखेने जतन केलेल्या फाइलींचा कालक्रम पुढे लावता येत नाही.

आधी प्रत, मग प्रयोग

या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम हाच. मजकूर मोलाचा असेल तर डिस्क प्रथम यंत्रातून बाहेर काढून तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी. २००५ च्या सुमारापूर्वीच्या लॅपटॉपमध्ये सहसा ४४ पिनांची आयडीई डिस्क असते, नंतरच्यांत साटा. दोन्हींसाठी यूएसबीला जोडणारे अडॅप्टर मिळतात. नव्या संगणकावर लिनक्स चालवून 'डीडीरेस्क्यू' या मोफत प्रोग्रॅमने प्रत घेता येते. वाचता न येणारे भाग तो बाजूला ठेवून आधी चांगला भाग उचलतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर प्रयत्न तिथेच थांबवून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे जावे. प्रत्येक फेरीगणिक अशी डिस्क अधिक निकामी होत जाते.

प्रतिमा सुरक्षित झाल्यावर मूळ डिस्क बाजूला ठेवून लॅपटॉपमध्ये दुसरी बसवता येते. आयडीई यंत्रांत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टरसह बसवण्याची युक्ती उपयोगी पडते. कार्डाला फिरणारे भाग नसल्याने यंत्र शांत व थंड राहते.

जोडणी आणि सुरक्षितता

विंडोज ९८ चा पाठिंबा जुलै २००६ मध्ये आणि विंडोज एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. असे यंत्र इंटरनेटला जोडू नये. जोडले तरी त्यातील मूळ ब्राउझरने आजची बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. फाइली पेन ड्राइव्हनेच हलवाव्यात. विंडोज ९८ ला पेन ड्राइव्हसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लागतो, एक्सपीला लागत नाही. ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. त्या काळात पेन ड्राइव्हवरून व्हायरसचा मोठा प्रसार झाला होता, त्यामुळे आणलेल्या फाइली नव्या संगणकावर तपासूनच उघडाव्यात.

मजकूर बाहेर काढताना

तीन गोष्टी एकत्र जतन कराव्यात. पहिली, मूळ फाइली जशाच्या तशा. दुसरी, ज्या फॉन्टमध्ये त्या टंकल्या ते फॉन्ट. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ते सापडतात. त्यांवर निर्मात्या कंपनीचा हक्क असल्याने ते आपल्या परवान्यापुरतेच ठेवावेत, वाटू नयेत. तिसरी, प्रत्येक पानाची पीडीएफ. पीडीएफमध्ये पान मूळ रूपात दिसते, परंतु तिच्यातून मजकूर उचलल्यास पुन्हा रोमन चिन्हेच हाती येतात. म्हणजे वाचण्याची सोय झाली, शोधण्याची नाही.

शोधता येण्याजोगा मजकूर हवा असल्यास युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. त्यासाठी त्या-त्या फॉन्टनुसार तयार केलेले रूपांतरक मिळतात. निवड करताना फॉन्टचे नेमके नाव जुळले पाहिजे. रूपांतर झाल्यावर मुद्रितशोधन अटळ आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जाई. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. त्यामुळे 'कीर्ती', 'निर्मिती', 'वर्षानुवर्षे' अशा शब्दांत चुका राहतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील खास मराठी 'ऱ्य' तर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या रूपांतरकांत हमखास बिघडतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्यापूर्वीच्या साधनांत ते वेगळ्या प्रकारे साधलेले असते.

पेजमेकरच्या फाइलींचीही अशीच कथा आहे. त्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. लिब्रेऑफिसमध्ये २०१५ पासून या फाइली उघडण्याची सोय आहे, तरी पानाची मूळ मांडणी पाहण्यासाठी जुने यंत्रच भरवशाचे.

दुरुस्ती करताना मजकूर आजच्या काळाशी जुळवून घेऊ नये. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. २००१ च्या स्मरणिकेत ते अहमदनगर असेल, तर तसेच राहू द्यावे. शोधसूचीत मात्र दोन्ही नावे नोंदवावीत.

रोजच्या वापरासाठी

काम झाल्यावरही यंत्र उपयोगी राहू शकते. इंटरनेट नसलेला लॅपटॉप लेखनासाठी एकाग्रतेचे साधन ठरतो. एक्सपीमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज' या विभागातून गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय सुरू करून युनिकोड मराठी व इनस्क्रिप्ट की-बोर्ड वापरता येतो. त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी लागते. ज्यांना हलकी लिनक्स प्रणाली बसवायची आहे, त्यांनी प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४, हे आधी पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. त्यामुळे अशा यंत्रांना जुन्या आवृत्तीवर आधारलेली प्रणालीच निवडावी लागते. नवी प्रणाली घालण्यापूर्वी जुन्या डिस्कची प्रत घेतली आहे ना, याची पुन्हा एकदा खातरजमा करावी. एकदा फॉरमॅट केलेल्या डिस्कवरचा मजकूर परत मिळेलच असे नाही.

गावातील डीटीपी केंद्र बंद होताना, छापखाना विकला जाताना किंवा संस्थेच्या कार्यालयाची रंगरंगोटी निघताना असे लॅपटॉप, सीड्या व डोंगल एकाच पोत्यात भरले जातात. त्या पोत्यातून आधी डोंगल शोधावा. दिसायला तो क्षुल्लक प्लग असतो, आणि म्हणूनच सर्वांआधी फेकला जातो.