कोपऱ्यावरची पाटी बदलते तेव्हा : मुंबईतल्या साखळी हॉटेलांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. मुंबईत एखादं जुनं हॉटेल बंद होतं, काही महिने दर्शनी भागाला पत्रे ठोकलेले असतात आणि मग एक दिवस देशभर दिसणारी, रंगासकट ओळखीची पाटी तिथे लागते. कुणी हळहळतं, कुणी पहिल्याच रविवारी रांग लावतं. दोघांच्याही मनात एक गृहीत असतं, की ही साखळी दुकानं १९९१ नंतर बाहेरून आली आणि त्याआधी सगळं एकेकट्या मालकाचं, आपलं होतं.

हे गृहीत आज आपण तपासू. आमचं म्हणणं असं, की मुंबईच्या बाहेर खाण्याचा इतिहास बऱ्याच अंशी साखळ्यांचाच आहे. प्रश्न एवढाच, की साखळीच्या कड्या कशानं जोडल्या आहेत? नात्यानं, मळ्यातल्या पिकानं की भांडवलानं? शहरात कुणाला किती पैशांत किती वेळ बसता येतं आणि टेबल पुसणाऱ्या पोराला पुढे काय होता येतं, हे त्यावरून ठरतं.

सुरुवात इराण्यापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून झरथुष्ट्री कुटुंबं मुंबईत आली. इथले पारशी तोवर चांगले स्थिरावले होते. हे नवे लोक मात्र जवळपास रिकाम्या हातांनी आलेले. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानून सोडत आणि इराणी ती घेत, असं सांगतात. त्यात तथ्य किती हे बाजूला ठेवू, पण कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं हे उघड आहे. कयानी १९०४चं, ब्रिटानिया १९२३चं. मालक वेगळे, नावं वेगळी. पण आत शिरलात की वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसे, गल्ल्याशेजारी बरण्या आणि बशीत ब्रुन मस्का. काय मिळणार हे दारातच ठाऊक असायचं. साखळीकडून आपण दुसरं काय मागतो?

या टेबलाचं महत्त्व कळायला क्षणभर पुण्याला जाऊ. १८९० साली तिथल्या पंचहौद मिशनमधल्या चहाबिस्किटांवरून केवढं रामायण झालं! रानडे, टिळक यांच्यासारखी माणसं त्यात अडकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांची चर्चा झाली. परक्याच्या हातचा चहा ज्या काळात सार्वजनिक वादाचा विषय होता, त्याच काळाच्या पुढच्या टप्प्यावर इराण्यानं पैसे टाकेल त्याला चहा दिला. गिरणीतला कामगार, कोर्टातला कारकून, रिकामटेकडा कवी, सगळे तिथे आले.

इराण्याच्या साखळीची कडी नात्याची होती. गावाकडून आलेला पोरगा आधी नातलगाच्या हॉटेलात राबायचा, मग छोटा भागीदार व्हायचा आणि जमलं तर दुसऱ्या कोपऱ्यावर स्वतःचं उघडायचा. दक्षिण कॅनरातून आलेल्या उडुपी हॉटेलवाल्यांचंही तेच. माटुंग्याचं रामा नायकांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२चं. नायक स्वतः लहान वयात मुंबईला आले आणि स्वयंपाकघरात पडेल ते काम करत वर आले. त्या काळी अशी कितीतरी पोरं दिवसा हॉटेलात आणि रात्री फोर्टातल्या कन्नड रात्रशाळांत असायची.

यात भाबडं होण्याचं कारण नाही. ही बालमजुरीच होती. झोपायला टेबलाखालची फरशी आणि पगार मालकाच्या मर्जीवर. शिवाय ही शिडी सगळ्यांसाठी नव्हती, आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या मुलासाठी होती. आज ज्याला आपण 'आपलं उडुपी' म्हणतो, त्याच हॉटेलांवर १९६०च्या दशकात 'बाहेरचे' म्हणून दगड पडले, हेही याच शहरानं पाहिलं आहे. म्हणजे आपलं आणि परकं ही पाटी दर तीसएक वर्षांनी बदलते. तिच्यावर फार भरवसा ठेवू नये.

आता दुसरी कडी, पिकाची. एकाच मालकाची, एकाच नावाची, गावोगावी शाखा असलेली कॉफीची दुकानं मुंबईत पहिल्यांदा कधी आली? १९३६ साली, चर्चगेटला. नाव 'इंडिया कॉफी हाउस'. काढणारी कंपनी नव्हती, कॉफीच्या प्रसारासाठी कायद्यानं नेमलेली समिती होती. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, माल पडून राहिला, तेव्हा देशातच गिऱ्हाईक तयार करावं असं ठरलं. देशभर शाखा निघाल्या. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं त्या बंद करायला घेतल्यावर कामगार रस्त्यावर येणार होते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून वेटरच मालक झाले. साखळी म्हणजे नफेखोर कंपनीच असते असं नाही, याचा हा आपल्याच देशातला पुरावा.

आणि गंमत बघा. बरोबर साठ वर्षांनी, १९९६ मध्ये, बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे'चं पहिलं दुकान उघडलं. मालक चिकमगळूरचे कॉफीमळेवाले. कॉफीच्या विक्रीवरचा बोर्डाचा ताबा नुकताच सुटला होता. १९ ऑक्टोबर २०१२ला हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये 'स्टारबक्स' आलं तेही टाटांच्या भागीदारीत, आणि टाटांचे कॉफीमळे कोडगूत आहेतच. पाटी अमेरिकेची, पण मागची वाट पश्चिम घाटातल्या मळ्याकडे जाते.

मग नव्वदनंतर नवं काय घडलं? १९९६च्या ऑक्टोबरमध्ये 'मॅकडोनल्ड्स' दिल्लीत आणि लगेच वांद्र्याला आलं. गोमांस नसलेला त्यांचा जगातला हा पहिला मेन्यू. तेव्हा सगळी चर्चा या मेन्यूची झाली. आमच्या मते खरी गोष्ट मेन्यूत नाही, भाडेपावतीत आहे.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. हेतू भाडेकरूला वाचवण्याचा होता. परिणाम असा, की मोक्याच्या कोपऱ्यावरच्या प्रशस्त हॉटेलाचं भाडं पुढची कित्येक दशकं नगण्य राहिलं. एका चहावर तुम्ही दोन तास बसलात तरी इराण्याचं फार बिघडत नसे. त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक जरूर करू, पण त्या मनाला कायद्याचा टेकू होता हेही विसरू नये. घरमालकाला मात्र छप्पर दुरुस्त करण्याइतकंही भाडं मिळत नव्हतं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवलेली भाडी आता न्याय्य उरली नाहीत असं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या या कायद्याच्या संरक्षणातून वगळल्या गेल्या.

याचा अर्थ काय? मोठी कंपनी भाडेकरू म्हणून घेतली तर मालकाला बाजारभावानं भाडं मिळतं, आणि करार संपला की जागा परत मिळते. लहान हॉटेलवाला पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. तुम्ही घरमालक असता तर कुणाला जागा दिली असती? दुसऱ्या बाजूला इराण्यांची मुलं डॉक्टर, इंजिनियर झाली, परदेशी गेली. पहाटे चारला भट्टी पेटवायला त्यांनी का यावं? त्यांच्या बापांनी राबून मिळवलं होतं ते याचसाठी. तेव्हा साखळीनं इराण्याला मारलं असं म्हणणं अर्धवट आहे. जागा मोकळी होत होती आणि ती कुणाला परवडणार हे कायद्यानं नि बाजारानं मिळून ठरवलं.

गिरणगावात हीच गोष्ट जास्त कठोरपणे घडली. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, ज्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांचं गिऱ्हाईक १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर हळूहळू नाहीसं झालं. १९९१च्या नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे आणि त्यात साखळी दुकानांच्या रांगा. तिथे आधी खानावळीची पाटी उतरून नवी लागली असं झालं नाही. आधी जेवणारा माणूसच गेला.

मग नव्या साखळ्यांनी दिलं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर पुष्कळ. एकटी मुलगी निर्धास्त बसू शकते, स्वच्छतागृह मिळतं, भाव लिहिलेला असतो, कुणी आडनाव विचारत नाही, आणि नोकरी मिळायला मालकाच्या गावचं असावं लागत नाही. जुनी शिडी जातीनं बंद केलेली होती, तिथे हे दार उघडं आहे. पण या दारातून आत गेल्यावर शिडी किती उंच आहे? काउंटरवरचा मुलगा शिफ्ट मॅनेजर होईल, दुकानाचा मालक सहसा होणार नाही. त्यासाठी फ्रँचायझीचे पैसे लागतात. २००१ला मालाडहून सुरू झालेल्या 'जम्बोकिंग'नं वडापावचीही साखळी केली. तिथे मालक स्थानिक असू शकतो, पण हातात आधी भांडवल हवं. रामा नायकांकडे ते नव्हतं.

तेव्हा आपल्या रस्त्यावर पुढची नवी पाटी लागेल, तेव्हा ती देशी की विदेशी हे विचारण्यात वेळ घालवू नका. तीन प्रश्न विचारा. जागेचं भाडं कोण आणि कोणत्या कराराखाली देतं? इथे टेबल पुसणारा पंधरा वर्षांनी कुठे असेल? आणि सगळ्यांत स्वस्त पदार्थ घेऊन किती वेळ बसता येईल? १९५७ मध्ये वेटरांनी यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः लिहिलं होतं. ते कुण्या हळव्या गिऱ्हाइकानं लिहून दिलं नव्हतं. उत्तर बदलता येतं, एवढं त्यातून आपल्याला कळतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.