पोर्टेबल सॉ मिल म्हणजे काय? घ्यायच्या आधी हे वाचा

रुळांवर सरकत ओंडका चिरणारं छोटं मशीन यूट्यूबवर पाहिलंच असेल. आपल्या आरा मशीनवर ओंडका पात्याकडे ढकलतात. इथे ओंडका जागेवर राहतो आणि पातं पुढे सरकतं. बँड सॉचं पातं पातळ, त्यामुळे एका कापात जेमतेम २-३ मिमी लाकडाचा भुसा होतो. गोल पात्यात याच्या दुप्पट जातो. सागाचा भाव बघता हे थोडं नाही.

परतवाड्याच्या डेपोत येणारा मेळघाटचा साग चिरताना पातं लवकर बोथट होतं, कारण या लाकडात सिलिका असते. जादा पाती जवळ ठेवाच.

परदेशी व्हिडिओत ओंडके गोठलेले दिसतात. वऱ्हाडात तो प्रश्नच नाही. इथे हिवाळ्याचा फायदा वेगळा. अकोल्याच्या मे महिन्यात ओली फळी तडकते, थंडीत ती सावकाश सुकते. टोकांना रंग लावा, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवा आणि थप्पी सावलीत रचा.

आता परवाना. सुप्रीम कोर्टाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरा मशीन बंद करायला लावल्या होत्या. मशीनला चाकं आहेत म्हणून सूट मिळेल असं धरू नका. ऑर्डर करण्याआधी वनविभागात विचारा. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते.