अंगठ्याएवढे खिळे

व्हेनेटींच्या जहाजांचं सगळ्यात तपशीलवार वर्णन ज्यानं लिहून ठेवलं, त्यानंच त्यांचा निकाल लावला: ज्यूलियस सीझर.

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर, आज व्हान शहर आहे त्या टापूत, ही केल्टिक जमात राहायची. ब्रिटनशी व्यापार आणि त्या पाण्यातून जाणाऱ्यांकडून जकात, यावर त्यांचं झकास चाललं होतं. तिथं भरती-ओहोटी मोठी, पाण्याखाली खडक. म्हणून जहाजाचा तळ सपाट. ओहोटीला खुशाल गाळात टेकावं. नाळ उंच. लाकूड सगळं ओकचं, आडव्या तुळया फूटभर रुंद आणि त्या ठोकायला अंगठ्याएवढे जाड लोखंडी खिळे. नांगराला दोराऐवजी साखळी, शिडं कातड्याची. फळ्यांमधल्या फटींत समुद्री शेवाळ कोंबत, म्हणजे लाकूड सुकत नाही, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो.

शत्रूची इतकी तारीफ करताना सीझर स्वतःचा विजयही फुगवतोय, हे उघड आहे. पण साखळीबद्दल तरी तो खरं बोलतो. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या बल्बरी इथं लोहयुगातला लोखंडी नांगर साखळीसकट सापडला आहे.

धान्य मागायला आलेले रोमन अधिकारी व्हेनेटींनी अडकवून ठेवले आणि इ.स.पू. ५६ मध्ये लढाईला तोंड फुटलं. समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकांवरच्या त्यांच्या वस्त्यांना भरतीत पाण्याचा वेढा पडे. रोमनांनी बांध घातले, की हे चंबूगबाळं जहाजात टाकून पुढच्या टोकावर हजर! समुद्रावर रोमनांच्या धडकांनी त्या ओकला ओरखडाही उठेना. शेवटी लांब काठ्यांना धारदार आकडे बांधून त्यांनी शिडाचे दोर कापले. आडव्या डोलकाठीसकट शीड खाली आलं, की वल्ह्यांविना जहाज जागच्या जागी. त्यातच वारा पडला. सुमारे २२० जहाजांपैकी थोडकीच किनाऱ्याला लागली. सीझरनं जमातीची सगळी वडीलधारी मंडळी मारली, बाकीच्यांना गुलाम म्हणून विकलं.

पण असं सुतारकाम एकट्या व्हेनेटींचं नव्हतं. १९६२ मध्ये लंडनला ब्लॅकफ्रायर्सपाशी थेम्सच्या गाळात एक जहाज सापडलं, इ.स. दुसऱ्या शतकातलं, म्हणजे भर रोमन अमलातलं. रोमन सुतार फळीला फळी खाचेत जोडून आधी बाहेरचं कवच उभारत. इथं ओकचा भक्कम सांगाडा, त्याला फळ्या, आणि आरपार ठोकून टोकं उलटी वळवलेले जाडजूड लोखंडी खिळे. गर्न्झी बेटावर सापडलेलं तिसऱ्या शतकातलं जहाजही याच पद्धतीचं आहे.